एका कुंपणाची दोन घरं

पर्थ, ऑस्ट्रेलिया
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

ती. पप्पा आणि मम्मी यांना,
शि. सा. न. वि. वि.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणून पत्र. तुमच्या नियमाप्रमाणे हातानं लिहून, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते आहे. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाल्यावर पप्पा नेहमीसारखं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतील. अक्षर लागलं नाही तर जेनिसला बोलवा, नातीचे डोळे अजून नवे आहेत.

आम्ही सगळे खुशाल. गॉडफ्रे काल पुन्हा खाणीवर गेले. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी, हे चक्र चालूच आहे. जॅक्सन आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय. फेब्रुवारीत तो पुढच्या शिक्षणाला दुसऱ्या शहरात जाईल. इथे थंडी आहे, पण पाऊस बेताचा. तुमच्याकडे गिरीजला वाडीत पाणी साचलं का? केळी आडवी झाली नाहीत ना?

आता खरी बातमी. केनीची इथल्या वर्कशॉपमधली नोकरी पक्की झाल्यापासून गॉडफ्रे धाकट्या भावासाठी घर शोधत होते. देवाची कृपा बघा, आमच्या अगदी शेजारचं घर डिसेंबरात रिकामं होतंय! मालक गॉडफ्रेंच्या ओळखीचा आहे. ऑक्टोबरअखेर होकार दिला तर तो ते केनीसाठी भाड्यानं ठेवेल. चार खोल्या, मागे मोठं अंगण, रुंद रस्ता, हॉर्नचा आवाज नाही. पोराबाळांच्या कुटुंबाला याहून चांगली वस्ती या शहरात मिळणार नाही. मधल्या कुंपणाला एक दार करायचं असं गॉडफ्रे म्हणतात. मी तर जेनिससाठी आधीच एक पलंग आणून ठेवलाय.

तुमचा आशीर्वाद असू द्या, मम्मींनी गुडघ्यांना तेल लावत जावं.

तुमची सून,
ॲंजेला


गिरीज, वसई
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. ॲंजेला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र रविवारी दोनदा वाचावं लागलं. पहिल्यांदा घरच्यांसाठी, दुसऱ्यांदा शेजारच्या बर्थासाठी. तिला उशिरा कळलं आणि ती ओल्या छत्रीसकट आत आली. त्या घराच्या अंगणात अळू येईल का, असं तिनं विचारलंय. मी म्हटलं, बाई, अळूची खाज तुझ्या जिभेला आहे तेवढी पुरे.

केळीचं विचारलंस. सात-आठ झाडं आडवी झाली, बाकीची उभी आहेत. माझ्यासारखीच, टेकू लावून.

कुंपणाला दार करणार हे वाचून मात्र मी चष्मा काढून पुसला. जॅक्सनला हे नीट समजावून सांग, त्याला ठाऊक नसेल. आपल्याकडे दोन भावांच्या वाड्यांत कुंपण घालतात, पण त्यात एका माणसापुरती फट ठेवतात. बायकांना रस्त्यानं वळसा घालायला लागू नये, पोरांनी इकडे जेवावं तिकडे झोपावं, म्हणून. माझे वडील आणि फर्डिनंड काका विहिरीच्या पाण्यावरून भांडले तेव्हा पहिली ती फट काट्यांनी बुजली. मग दोघं एकमेकांच्या मयतालाही रस्त्यानंच गेले, म्हणजे एक गेला, दुसरा तर पेटीतच होता. तेव्हापासून गावात म्हणतात, भावाभावांचं कसं चाललंय ते विचारू नका, कुंपण बघा. माझी दोन्ही मुलं समुद्रापार एका कुंपणाला राहणार, याहून म्हाताऱ्याला काय हवं? मी फादरांनाही सांगून टाकलं.

केनीची प्रिस्का मात्र पत्र संपताच कुकर बघायला गेली, आणि कुकर तर लावलेलाच नव्हता. ती कॉम्प्युटरवर तुमच्या पर्थमधल्या कुठल्याशा रेल्वे स्टेशनाजवळची, दुकानांच्या वरची तीन खोल्यांची जागा बघत असते. आता तूच सांग, तीन खोल्यांत राहायला समुद्र ओलांडायचा, तर वसई रोडला इमारती काय कमी पडल्यात?

सगळ्यांना आशीर्वाद. जॅक्सनला मराठीतून दोन ओळी लिहायला लाव, चुका मी काढीन.

तुझे पप्पा,
सिप्रियन


गिरीज
१८ ऑगस्ट २०२४

ती. ॲंजेलावहिनी,
सा. न. वि. वि.

हे पत्र ग्रुपवर नाही, फक्त तुम्हाला पाठवते आहे. फोन केला असता, पण आपल्या घरात फोन वाजला की चार जण कान देतात. शिवाय फोनवर तुम्ही इतक्या हसऱ्या आवाजात बोलता की माझं म्हणणं घशातच राहतं. म्हणून पप्पांचीच पद्धत उचलली.

वहिनी, रागावू नका. मला शेजारचं घर नको.

लग्न होऊन नऊ वर्षं मी या घरात आहे. पप्पा-मम्मींनी मला लेकीसारखं वागवलं, त्यात खोटं नाही. पण लेकीसारखं म्हणजे विचारल्याशिवाय काही न करणारी लेक. जेनिसची शाळा पप्पांनी ठरवली, माझी स्कूटर केनीनं, खिडकीचे पडदे मम्मींनी. मी बँकेत रोज शंभर लोकांची कामं मार्गी लावते आणि घरी आल्यावर आमटी कशाची करायची तेही विचारून करते. केनीची नोकरी ठरली तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, आता एक गोष्ट मी ठरवीन. आपण कुठे राहायचं ते.

ती स्टेशनाजवळची जागा लहान आहे, मान्य. पण शाळा चालत जायच्या अंतरावर आहे, वाचनालय आहे, खाली दुकानं आहेत. मला तिथे गाडी चालवायला यायला वर्ष लागेल. तोवर मला घरात बसायचं नाहीये, काम शोधायचंय.

मी नको म्हटलं तर गाव म्हणेल, जावाजावांचं पटत नाही, कुंपण बुजलं. हो म्हटलं तर मी पुन्हा तिथेच, फक्त देश वेगळा. इकडे आड, तिकडे विहीर. एवढंच करा, ते घर दुसऱ्या कोणाला गेलं असं पप्पांना कळवा. तुमचे उपकार विसरणार नाही.

धाकट्या जावेवर माया आहे ती तशीच राहू द्या.

तुमची,
प्रिस्का


पर्थ
२५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रिस्का हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, हे स्पष्टच लिहिते. मी कोणी परकी आहे का, की माझ्या शेजारी राहायला तुला गुदमरेल?

स्टेशनाजवळच्या त्या भागाचं मला सांगू नकोस. रात्री उशिरापर्यंत गाड्या, खाली लोकांची ये-जा, जिने चढून सामान न्यायचं. अंगण नाही. जेनिसनं खेळायचं कुठे, गॅलरीत? मी आठ वर्षं या शहरात आहे, मला जास्त कळतं की तुझ्या कॉम्प्युटरला? दुरून डोंगर साजरे, एवढं लक्षात ठेव.

आणि मी तुझ्यावर सासूपणा करीन अशी भीती असेल तर तीही काढून टाक. तुझ्या पडद्यांना मी हात लावणार नाही. सकाळी केनी कामावर गेला की मी चहाला येईन, एवढंच. दुपारी तू माझ्याकडे ये. मी भात टाकीन, तू कालवण कर. जेनिस शाळेतून आली की आधी माझ्याकडे येऊ दे, मी तिला खायला करून ठेवीन. संध्याकाळी आपण दोघी बाहेर खुर्च्या टाकून बसू. मग रोझरी एकत्र म्हणू. रोजच असं नाही म्हणत मी. तुला जमेल तेव्हा.

मी जेनिसच्या पलंगाला गुलाबी चादर घातलीय. अधूनमधून बदलते, धूळ बसते म्हणून.

घर दुसऱ्याला गेलं असं मी पप्पांना लिहिणार नाही. खोटं लिहायला मला सांगू नकोस.

राग धरू नकोस, मोठीचं ऐकलं तर भलंच होईल.

तुझी,
ॲंजेलावहिनी


गिरीज
८ सप्टेंबर २०२४

ती. ॲंजेलावहिनी,
सा. न. वि. वि.

आज मारियामातेच्या जन्माचा सण. चर्चमध्ये मिस्सा झाली, नव्या भाताच्या लोंब्या वाटल्या, जेनिस पांढऱ्या फ्रॉकमध्ये फुलं वाहायला होती. घरात पाहुणे आहेत. मी गच्चीवर कपडे काढायला आले आहे, असं खाली सगळ्यांना वाटतंय.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी राग आला. मग दुसरंच काहीतरी वाटू लागलं. वहिनी, आठ वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तुमची पत्रं ऐकतेय. रुंद रस्ता आहे, अंगण आहे, शांतता आहे. पण त्यात माणूस एकही नाही. आपल्याकडे चार ओळी लिहायच्या तर बर्थामावशीची छत्री येते, कोणाची म्हैस येते, कोणाचं लग्न मोडतं. तुमच्या शेजारणीचं नाव काय? मला ठाऊक नाही. आमच्या घरात कोणालाच नाही.

गॉडफ्रेदादा खाणीवर असताना तुम्ही चर्चला कशा जाता? दूध संपलं तर? मागच्या वर्षी तुम्हाला ताप होता असं जॅक्सन बोलून गेला होता, तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं? तुम्ही गाडी चालवता का? इतक्या वर्षांत हे तुम्हाला कोणी विचारलंच नाही, आणि मीही नाही, याची मला लाज वाटली.

टोचून विचारत नाही. मला तिथे राहायला यायचंय म्हणूनही विचारत नाही. तुमच्यासाठी विचारते आहे. खरं लिहा.

खालून हाका येताहेत, थांबते.

तुमची,
प्रिस्का


पर्थ
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रिस्का,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं.

शेजारणीचं नाव मला माहीत नाही. आता झालं समाधान?

हे घर आम्ही कसं घेतलं ते ऐक. एका रविवारी गॉडफ्रेंच्या मित्राच्या गाडीतून बघायला आलो. वसईच्या माणसाला जमिनीचा तुकडा दिसला की बाकी काही दिसत नाही. गॉडफ्रे पावलांनी अंगण मोजत फिरले, माती हातात घेऊन बघितली. मी नळ बघितले, ओटा बघितला. इथे बस कुठे थांबते, किती वाजता येते, दुकान किती लांब, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. गिरीजमध्ये असलं कोणी विचारतं का? दार उघडलं की माणसं असतातच, असंच आपल्याला वाटतं.

बस आहे. उन्हातून अर्धा तास चाललं की येते, तीही मोजकीच. गाडी चालवायच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. गॉडफ्रे म्हणाले, कशाला जिवाला त्रास, मी आलो की सगळं आणून देतो. आणि ते आणून देतातच, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. दोन आठवड्यांचं सामान एका दिवसात. मग गाडी घेऊन विमानतळावर, तिथून खाणीवर. ते घरी नसले की माझी मिस्सा टीव्हीवर होते. त्या तापात जॅक्सन शाळेत जाताना उशाशी पाण्याची बाटली ठेवून जायचा. गुणी आहे, पण सतरा वर्षांचा मुलगा आईशी किती बोलणार? कित्येक दिवस असे जातात की मी दिवसभरात मोठ्यानं बोललेलं एकच वाक्य असतं, जॅक्सन, जेवायला ये. फेब्रुवारीनंतर तेही नसेल.

इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही. गॅरेजचं दार आपोआप वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. मी एकदा आमच्या गॅरेजचं दार वर करून खुर्ची टाकून बसायला लागले, आपल्या ओट्यावर बसल्यासारखी. समोरची बाई गाडीतून हात हलवायची. मी त्या हाताची वाट बघायचे. गॉडफ्रेंना कळल्यावर ते म्हणाले, बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील. कोणते लोक, प्रिस्का? मला एक तरी दाखव.

हे मी घरी कसं लिहिणार? पप्पा मोठ्यानं वाचतात. बर्था ऐकायला येते. सिप्रियन मास्तरांच्या थोरल्या सुनेचं समुद्रापारचं मोठं घर, ही घरातली शान आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोनवर तर माझा आवाज आपोआपच हसरा होतो, मला तो थांबवता येत नाही.

मला तू हवी होतीस. शेजारचं घर रिकामं होणार हे कळलं त्या दिवशी मी आनंदानं रडले. त्या घराचं एवढं कौतुक लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. पण तू विचारलंस म्हणून सांगते. इथे येऊ नकोस. तू स्कूटरवर फिरणारी, बँकेत बोलणारी मुलगी. इथे तुझीही खुर्ची गॅरेजमध्ये लागेल.

आणि तरीही आलीस, तर मी नको म्हणणार नाही. इतकी मी स्वार्थी झाले आहे.

तुझी,
ॲंजेला


गिरीज
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय ॲंजेलावहिनी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी बँकेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मोबाईल उशीखाली घेऊन झोपते, कोणी वाचू नये म्हणून.

इकडे सगळं ठरल्यात जमा आहे. रोझरीचा महिना सुरू झाला, घरोघरी प्रार्थना असतात, आणि पप्पा प्रत्येक घरी एका कुंपणाची गोष्ट सांगतात. केनीनं गॉडफ्रेदादांना हो म्हणून टाकलं. मी विरोध केला तर म्हणाला, नोकरी दादानं मिळवून दिली, आता त्याच्या शेजारी राहायला नकार कोणत्या तोंडानं देऊ? तुला जागेत काय खोट दिसते ते तरी सांग. मला सगळी खोट माहीत आहे, पण ती सांगायची तर तुमची मूठ उघडावी लागेल. ते मी करणार नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात.

तुमचं नाव न घेता सांगून बघितलं. बस नाही, दुकान लांब आहे. पप्पा म्हणाले, ॲंजेला आठ वर्षं राहते, तिचं कुठे काही अडलं?

म्हणून मी ठरवलंय. मी येते तुमच्या शेजारी. मालकाला महिनाअखेर होकार जाईल. निदान तुम्हाला कोणीतरी असेल. अडकायचंच असेल तर दोघी मिळून अडकू. एवढं मात्र करा, रोज चहाला या. जमेल तेव्हा नाही, रोज.

तुमची,
प्रिस्का


पर्थ
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

ती. पप्पा आणि मम्मी यांना,
शि. सा. न. वि. वि.

आज पहिला रविवार नाही, तरी हे पत्र ग्रुपवर टाकते आहे. रोझरी झाल्यावरच वाचा. सगळ्यांसमोर वाचा, बर्था आली असेल तर तिलाही बसू द्या. आणि पप्पा, एकही ओळ गाळू नका.

आठ वर्षं मी तुम्हाला लिहिलं ते खोटं नव्हतं. रस्ता रुंद आहे, अंगण मोठं आहे, शांतताही आहे. फक्त त्या शांततेत मी एकटी असते, हे लिहायचं राहिलं. मला गाडी चालवता येत नाही. गॉडफ्रे खाणीवर गेले की ते परत येईपर्यंत मी अंगणाच्या बाहेर क्वचितच जाते. माझी इथे एकही मैत्रीण नाही. मला कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. गॉडफ्रे उन्हातान्हात राबतात ते आमच्यासाठीच. तरी हे घर मला कोंडवाडा झालंय.

प्रिस्काला इथे पाठवू नका. तिनं बघितलेली जागा लहान आहे, पण ती बरोबर आहे. लेकराबाळांसाठी चांगली वस्ती म्हणजे जिथून त्यांच्या आईला पायी कुठेतरी जाता येतं. एवढं कळायला मला आठ वर्षं लागली. भावाभावांचं काही बिघडलेलं नाही. हे मी सांगते आहे, थोरली सून.

गॉडफ्रे हे खाणीवर वाचतील आणि रागावतील. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणतील. माझ्याजवळ सांगायला दुसरी जागा नव्हती.

तुमची माया माझ्यावर राहिली तर बरं वाटेल, नाही राहिली तरी मी तुमचीच सून आहे.

ॲंजेला


गिरीज
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. ॲंजेला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अर्ध्यापर्यंत मी वाचलं. पुढचं केनीनं हातातून घेऊन पुरं केलं. बर्था होती, ती लगेच उठून घरी गेली.

तुझी मम्मी जुलियाना त्या दिवशी जेवली नाही. ती म्हणाली, आठ वर्षांत नवऱ्याविषयी एकदाही कुरकुर न करणारी सून एक तर संत असते, नाही तर घाबरलेली. आणि आपल्या घराण्यात संत कुठून येणार? तिला अंदाज होता म्हणे. मग बोलली का नाहीस असं मी विचारलं, तर म्हणाली, तुम्ही वाचत असताना मध्ये बोललेलं तुम्हाला खपतं का? खरं आहे, पोरी. मी तुझी पत्रं मोठ्यानं वाचली, ऐकली नाहीत.

प्रिस्काच्या तीन खोल्या ठरल्या. केनीनं गॉडफ्रेला फोनवर कळवलं, बोलणं काही चांगलं झालं नाही. गावात कुजबुज आहे की मास्तरांच्या मुलांचं फाटलं. असू दे.

तुझं काय करायचं, हे मात्र मला उमगत नाही. मी गॉडफ्रेला सांगितलं, तिला गाडी शिकव, नाही तर घर बदल. तो म्हणाला, घरावर कर्ज आहे, एवढं केलं तरी नावं ठेवता, बघू. चाळिशी ओलांडलेल्या मुलाला मी आता अंगठे धरून उभं करू शकत नाही. विमानात बसायला डॉक्टर मला परवानगी देत नाहीत. रोज रोझरीचं एक दशक, दहा मण्यांची प्रार्थना, तुझ्यासाठी म्हणतो. त्यानं बस येणार नाही, हे मलाही कळतं.

यापुढे मला जे लिहायचं ते लिही. मोठ्यानं वाचू की मनात, तेही वर लिहीत जा.

तुझे पप्पा,
सिप्रियन


पर्थ
गुरुवार, १३ मार्च २०२५

ती. पप्पा आणि मम्मी यांना,
शि. सा. न. वि. वि.

हे मोठ्यानं वाचा.

प्रिस्काच्या स्वयंपाकघरातून लिहिते आहे. समोरून आगगाडी गेली की कपबश्या वाजतात. जेनिस खालच्या पावाच्या दुकानातून स्वतः पाव आणते आणि मोड मोजून परत देते. प्रिस्काला शाळेच्या ऑफिसात तीन दिवसांचं काम मिळालंय. केनीचं वजन वाढलंय, मम्मींना सांगायचं नाही असं ठरलं होतं.

जॅक्सन फेब्रुवारीत गेला. त्याच्या खोलीत जाऊन बसायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय आणि रोज जाऊन बसते. गॉडफ्रे ऑक्टोबरपासून कामापुरतंच बोलतात. सामान आणतात, बिलं भरतात, जेवतात. गाडी शिकवायचा विषय मी काढला की बघू म्हणतात. शेजारच्या घरात नवे लोक आलेत. त्यांच्याही गॅरेजचं दार आपोआप बंद होतं.

केनी-प्रिस्का आल्यापासून, म्हणजे जानेवारीपासून, दर गुरुवारी मी इथे येते. अर्धा तास चालते, बस धरते, ती इथल्या स्टेशनापाशी सोडते. पहिल्यांदा चुकीच्या स्टॉपवर उतरले आणि भर उन्हात रस्त्यावर उभी राहून मोठ्यानं हसले. दिवसभर इथे असते, भात टाकते, जेनिसला मराठीच्या ओळी गिरवून देते. संध्याकाळी जेनिस म्हणते, राहा ना काकी. मी म्हणते, घर उघडं आहे. उघडं वगैरे काही नसतं. कुलूप मीच लावून आलेली असते.

आज निघताना चप्पल घातली, खाली आले, स्टॉपवर उभी राहिले. शेवटची बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, मी पायरीकडे बघत राहिले. चढणार का, असं त्यानं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. दार मिटलं आणि बस गेली. मी वर आले तेव्हा प्रिस्कानं भांड्यात आणखी एक वाटी तांदूळ घातले.

गॉडफ्रे उद्या सकाळी खाणीवरून घरी येतील. दाराला कुलूप दिसेल. मी कुठे आहे ते तुम्ही त्यांना सांगा, मी फोनवर सांगितलं तर माझा आवाज पुन्हा हसरा होईल. मी त्यांना सोडलेलं नाही, पप्पा. त्या घरात परत जाणार नाही, एवढंच. त्यांना माझ्याकडे यावंसं वाटलं तर जिने चढून यावं, जेवायला वाढीन.

यायला त्यांना काही अवघड नाही. गाडी त्यांच्याकडेच आहे.

तुमची,
ॲंजेला